दीडची एसटी आणि भूगोल

आम्ही डिंभे धरणाकडच्या पोरी एफ.वाय.बी.ए.चे विषय आवडीने नाही, एसटी बघून घ्यायचो. कॉलेज घोडेगावला, तिथून दीडची गाडी चुकली की पुढची येईल तेव्हा खरी. म्हणून मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. जे सकाळी उरकेल ते आमचं आवडतं.

शहाण्णव साली मात्र उज्ज्वला हटून बसली. तिचा बाप भागू धरणात जाळी टाकायचा. एवढ्या पाण्याखाली जुनी नदी कुठून वळत असेल, हे कोडं तिला लहानपणापासून. तिला भूगोलच हवा होता, आणि भूगोलाचा तास दुपारी तीनला.

संध्याकाळी घोडेगावच्या बाजारातून मासळीची जीप बर्फ घेऊन परत यायची. पण गाडीभर बाप्ये, त्यात पोर एकटी कशी येणार? भागूने सरळ इतिहास घ्यायला सांगितलं. इतिहास बिचारा नेहमी असाच पदरात पडतो. फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, आणि उज्ज्वला तो कोराच घेऊन चुलीपाशी बसली होती.

तिची आई गोजरबाई तेव्हा धरणाच्या गेटावरच मासळी विकायची. हातातला मासा खवलताखवलता ती म्हणाली, "तू नकाशं शीक. मी घोडेगावच्या बाजारात बसते. येताना दोघी संगंच येऊ."

भागूने फॉर्मवर सही केली.

तीन वर्षं मायलेकी बर्फाच्या पेट्यांवर बसून घरी आल्या. वाटेत गोजरबाई विचारायची, आज काय शिकलीस? मग वारे, नद्या, डोंगर असं काय काय उज्ज्वला तिला सांगायची. सकाळी वर्गात तिच्या दप्तराला मासळीचा वास यायचा. "भूगोल आला," म्हणत आम्ही नाक धरायचो. ती हसून दप्तर आमच्याच बाकावर ठेवायची. मला तिचा हेवा वाटायचा, आज सांगायला हरकत नाही.

पुढे ती त्याच कॉलेजात शिकवायला लागली. सगळ्यात आधी भांडून तिने भूगोलाचा तास सकाळी आणला. त्या वर्षी दीडच्या एसटीत पहिल्यांदाच पोरींच्या मांडीवर नकाशे दिसले.

उज्ज्वलाने हौसेने आईला ते सांगितलं. गोजरबाईला आनंद झाला, पण मग ती म्हणाली, "म्हंजी आता जीपमधनं मी एकटीच यायची व्हय?"

तेव्हापासून आई बाजारात बसते त्या दिवशी उज्ज्वला दीडची एसटी मुद्दाम सोडते.