रॅम्पच्या तोंडाशी लावलेली जीप

जिंतूर आणि पंचक्रोशीतील तमाम रसिकजनांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, वर्षानुवर्षे आपल्या कार्यक्रमांत हाती आलेला माईक न सोडणारा हा दिगंबर आता अशी एक गोष्ट सांगणार आहे, जी त्याने आजवर कोणालाही सांगितलेली नाही. मागच्यांनी पुढे सरकावे. हारतुरे आधीच उरकले आहेत असे समजावे.

हसलात? ती माझी खोड आहे — आधी हसवायचं, मग पुढचं. पण आता समोर तुम्ही एकटेच आहात असं धरून बोलतो. गर्दी असली की मला खरं बोलता येत नाही.

नलूपासून सुरुवात करायला हवी. आमच्या गल्लीतली, माझ्याच वर्गातली. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले आणि हाताने फिरवायची तीनचाकी आली. घराच्या ओसरीत ती पिको-फॉलचं काम करते. साड्या घेऊन आलेल्या बायका बोलत बसतात, आणि नलू त्या बोलण्यातून गोष्टी करते. कंडक्टरचा आवाज, सासूचा आवाज, वेळ पडली तर म्हशीचासुद्धा. हात मशीनवर, तोंड गोष्टीत आणि बायका पोट धरून खाली.

आणि त्या गोष्टी गावभर कोण सांगायचं? मी. गणपतीत, गॅदरिंगला, कोणाच्या निरोप समारंभात. दिगूभाऊंची गोष्ट होऊ द्या, असा लोकांचा हट्ट असायचा. नलू समोरच असायची — शाळेच्या मैदानात, स्टेजच्या उजव्या हाताला, लिंबाखाली तीनचाकी तिरपी लावून. आपल्याच गोष्टीवर सगळ्यांच्या आधी हसायची. मी घाई केली की कपाळावर हात मारायची. तिचा तो हात बघून मी थांबायला शिकलो.

नले, तूच सांगत जा की — असं मी तिला कितीदा म्हणालो असेन. अगदी मनापासून म्हणायचो. का? कारण स्टेजला पायऱ्या होत्या. कळलं का तुम्हाला? पायऱ्या होत्या तोवर मी मोठ्या मनाचा माणूस होतो.

उचलून घेऊ द्यायला ती कधीच तयार नसायची. शाळेत असताना बक्षीस घ्यायला चार पोरांनी तिला पोत्यासारखं उचलून वर नेलं होतं. परकर गुडघ्याच्या वर गेला आणि मैदान हसलं. मी हसलो होतो की नाही — जाऊ द्या. हसलो होतो. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं असायचं, जिथं माझी गाडी जाईल तिथं मी जाईन.

मग शाळेत वाघमारेबाई आल्या. नव्या, तरुण. कथाकथनाचा कार्यक्रम त्यांच्याकडे आला तेव्हा पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या की यंदा गोष्ट नलूताई सांगतील आणि स्टेजला रॅम्प होईल. कोणी हो-नाही म्हणायच्या आत चहा आला आणि ठरूनही गेलं. मंडपवाल्या रफिकभाईने लांबलचक, सोपा उतार बांधला, वर मॅटिंग टाकलं. नलू दुपारी येऊन बघून गेली. एकदा चढली, उतरली. पुन्हा चढली, नुसती मजा म्हणून. वर थांबून इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली,

"इथून लिंबाचा शेंडा दिसायलाय की रं."

इतकी वर्षं मी तिथं उभा राहत होतो. मला शेंडा कधी दिसला नव्हता.

त्याच क्षणी मी मनात हिशेब मांडला. ही वर बसून बोलली की काय होईल? लोक हसतील — माझ्यापेक्षा जास्त हसतील. आणि मग कोणीतरी म्हणेल, अरे, दिगूभाऊच्या सगळ्या गोष्टी हिच्याच की.

संध्याकाळी कार्यक्रमाचे पाहुणे परभणीहून आले, जीपने. ड्रायव्हर जागा शोधत होता. मी धावत गेलो. या मागं, अजून या, अजून — असे हातवारे करत जीप रॅम्पच्या तोंडाशी आणून टेकवली. मग ड्रायव्हरला म्हणालो, तुम्ही उपाशी का राहता, घरी वांग्याची भाजी अन् भाकरी तयार आहे. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसवून त्याला घरी धाडला. किल्ली त्याच्या खिशात. बायकोला फोन करून सांगितलं, आग्रह कर, लवकर उठू देऊ नकोस. पाहुणचाराला कोण नावं ठेवणार?

नलू आली. मोरपंखी साडी, अबोलीचा गजरा. जीप बघून थांबली. मी ड्रायव्हरला फोन लावतो म्हणालो आणि बंद फोन कानाला लावून उभा राहिलो. दोघं-तिघं पुढं झाले, ताई, उचलून घेतो. तिने मान हलवली. वाघमारेबाई म्हणाल्या, मग माईक खाली द्या, ताई खालूनच सांगतील. मी म्हणालो, वायर पुरत नाही.

वायर पुरत होती. त्याच वायरीने मी दरवर्षी लिंबापर्यंत फिरून यायचो. बाई नव्या, त्यांना काय माहीत? नलूला माहीत होतं. तिने माझ्याकडे बघितलं. 

मी वर गेलो. आमच्या नलूताई ऐनवेळी लाजल्या बरं का, असं म्हणालो — लोक हसले — आणि तिचीच नवी गोष्ट सांगितली. आठवडाभर आधी तिने ती मला ओसरीत ऐकवली होती, कशी वाटते म्हणून. चारठाण्याला चाललेल्या एसटीत कुठेतरी कोंबडा आरवतो. कंडक्टर शोधतो, प्रवासी शोधतात, आणि सगळ्यांत पुढे होऊन शोधते ती एक म्हातारी — कंडक्टरला तर ती फैलावरच घेते. शेवटी तिचा थांबा येतो, ती जागेवरून उठते, तर कोंबडा तिच्याच लुगड्याखाली. गोष्टीचा सगळा जीव त्या उठण्यात.

आभार सुरू व्हायच्या आत नलू निघून गेली. जीप रॅम्पच्या तोंडाशी कशी आली, हे तिने कधी विचारलं नाही. रफिकभाईने चुकीच्या जागी रॅम्प बांधला, असं नंतर गावात ठरलं. ते ठरत असताना मी तिथेच बसलो होतो.

आता स्टेजला सिमेंटचा पक्का रॅम्प आहे, कठडाही आहे. वाघमारेबाईंनी करून घेतला. नलू येत नाही. रस्त्यात भेटली की बायकोची चौकशी करते, बरं बोलते. पण मी ओसरीपाशी पोचलो की आत चाललेली गोष्ट थांबते. बायका गप्प होतात, मशीन तेवढी चालू राहते. मी साडी देतो आणि निघतो. कार्यक्रमात अजून मीच बोलतो. मैदान हसतं. लिंबाखाली बघायचं नाही असं ठरवतो, आणि बघतो. सगळ्यांच्या आधी कोणी हसत नाही. कपाळावर कोणी हात मारत नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी शेवटाशी येताना माझी जीभ धावली. म्हातारी जागेवर बसलेली असतानाच मी कोंबडा बाहेर काढला. आणि जीपच्या पलीकडून, माईकशिवाय, मैदानभर ऐकू जाईल असा तिचा आवाज आला. तिला राहवलं नसावं. लोकांना वाटलं, आम्ही बसवूनच आणलंय — त्या दिवशीच्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या, आणि मी वाकून नमस्कार केला. ती म्हणाली होती,

"आरं थांब की दिग्या, आधी म्हातारीला उठू तर दे."