रात्रपाळीवाल्याची झोप

अंधेरीतली आमची खोली कुणा एकाची नाही, गावाची आहे. कोकणातून येणारा प्रत्येक जण आधी इथंच पथारी टाकतो. सातवीतून शाळा सोडून मी आलो तेव्हा दादाच्या पथारीला लागून जागा मिळाली. दादा माझ्या नात्यातला नाही. पण मला कामाला लावलं त्यानं, आणि तापात कपाळावर ओली घडी ठेवत बसला तोही तोच.

खोलीचा नियम एकच: रात्रपाळी करून आलेल्याला उठवायचं नाही. भांडं वाजलं तरी शिव्या बसतात.

त्या दुपारी मला सुट्टी होती. खिडकीला हिरवी चादर बांधलेली, त्यामुळे आत सगळ्यांचेच चेहरे पाण्याखालचे वाटत होते. दादा उताणा घोरत होता. पण आवाज ओला होता, विहिरीत घागर बुडावी तसा. मग काहीच नाही. मी मनात आकडे मोजायला लागलो. बारा झाले तेव्हा घागर परत बुडाली.

कोपऱ्यात भाजी निवडत बसलेल्या काकांना, खोलीतल्या सगळ्यात जुन्या माणसाला, मी म्हटलं, "काका, दादाचा श्वास बघा ना."

"निजांदे रे तेका. रात्रपाळी करून इलोहा. तुका मेल्या सगळीकडे भुतांच दिसतत."

भित्रा म्हणून माझी ख्याती होतीच. पण पुढच्या खेपेला अठरा मोजले, आणि मग मला मोजवेना.

"दादा! ए दादा!" खांदा हलवला, गालावर मारलं. मान नेली तिकडे गेली. ओठ निळसर. उशीखाली झोपेच्या गोळ्यांची पट्टी, जवळजवळ रिकामी, आणि संपलेली क्वार्टर.

काका मिठाचं पाणी घेऊन धावले. "ओतूया, ओकून टाकतलो."

मी अँब्युलन्सला फोन लावलेला, स्पीकरवर. पलीकडची बाई ओरडलीच, "तोंडात काही घालू नका! छातीत जाईल. आधी कुशीवर वळवा." वळवल्यावर श्वास जरा मोकळा झाला. काका ग्लास हातात धरून तसेच उभे.

हॉस्पिटलात घशात नळी घातली, श्वास मशीनवर.

"पट्टी आणलीस, बरं केलंस," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

"याच्यावर उतारा नाही का?"

"आहे, पण सगळ्यांना देता येत नाही, झटके येऊ शकतात. गोळ्यांचा अंमल उतरेपर्यंत त्याचा श्वास आपण चालवायचा. गोळी आणि दारू मिळून श्वासालाच झोपवतात. अजून थोडं झोपू दिलं असतंत, तर..."

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. मी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. आवाज फुटल्यावर दादा म्हणाला, "एकच घेतलेली रे मी. देवाशपथ."

मॅडमनी समजावलं की असं होतं. गोळी घेतल्यानंतरचं आठवत नाही, माणूस अर्धवट झोपेत परत घेतो, पुन्हा घेतो.

दादा ऐकत होता. मग त्यानं उजवा हात, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा, उलटसुलट करून पाहिला, आणि हळूच चादरीखाली सारला.