हलका हात

अब्बांच्या पायातलं बळ जायला लागल्यापासून उमरग्याच्या सोनोग्राफीवाल्या मॅडम त्यांच्या मांडीचे स्नायू मोजतात. बांगड्या वर सारून, जेल लावून दर खेपेला बजावतात, "काका, पाय ढिला सोडा. तुम्ही आवळला तर मांस जाड दिसतंय, मी दाबलं तर पातळ." मग पडद्यावरच्या तिरप्या रेषा दाखवतात, "ह्याच धाग्यांच्या जोरावर पोती उचललीत तुम्ही." जन्मभर हमाली केलेले अब्बा खूश होतात.

परवा अब्बांना उचलूनच न्यावं लागलं. मॅडमनी जेल भरपूर ओतलं, यंत्र कातडीला जेमतेम टेकवलं. पडदा दाखवलाच नाही.

अब्बा हळूच म्हणाले, "आज लई हलका हात लावलात, मॅडम. दाबा की. आता पातळ व्हायला राहिलंय काय?"