दोनशे बारा पावत्या

किरीटभाई सोनींच्या हातून चुका होत नव्हत्या असं नाही. पण त्यांनी एखादी कबूल केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. गुजरातेत वल्लभ विद्यानगरातल्या एका छोट्या कारखान्यात ते बावीस वर्षं एकच काम करत होते. गावोगावच्या डेऱ्यांत दूध मोजून पावती देणारी यंत्रं असतात, त्यांच्यातला प्रोग्रॅम लिहायचा, तोही संगणकाच्या जुन्या सी भाषेत. नवी पोरं नव्या भाषांचं कौतुक करायला लागली की बशीत चहा ओतत ते म्हणायचे, "तुमच्या भाषा तुम्हाला बोट धरून रस्ता ओलांडून देतात. आम्ही आपापले ओलांडतो." आणि कुठलं यंत्र अडलं की अहवालात त्यांचं ठरलेलं वाक्य असे: ऑपरेटरची चूक.

पहिल्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी सभासदाच्या नावासाठी वीस अक्षरांची जागा धरली होती. स्वतःचं नाव के. सी. सोनी एवढंच लिहायची सवय, त्यामुळे वीस म्हणजे चंगळ वाटली. पण आसपासच्या चरोतर भागातल्या बायका स्वतःचं, नवऱ्याचं आणि घराण्याचं अशी तिन्ही नावं सांगतात. वावडी गावच्या सूरजबेन प्रतापसिंह सोलंकींनी, ते एकदा डेरीवर गेले असताना, भर रांगेत पावती त्यांच्या नाकासमोर नाचवली. "अहो भाई, तुमच्या मशीननं माझा अर्धा नवरा खाल्ला की! उरलेला किती लिटरचा भरला?" अख्खी रांग हसली.

किरीटभाईंना ते झोंबलं. आठवडाभर बसून त्यांनी प्रोग्रॅम बदलला. आता ठरावीक जागा नाही. नाव जेवढं लांब, तेवढी जागा यंत्र आपल्या मेमरीतून मागून घेणार, तिच्यात नाव, लिटर, फॅट अशी ओळ लिहिणार, आणि ओळ छापून झाली की ती जागा परत करणार. एक अक्षरही तुटणार नाही. ते इतके खूश होते की जेवताना बायकोला सगळं समजावून सांगितलं. तिने "आणखी डाळ वाढू?" एवढंच विचारलं.

महिन्याभरात वावडीहून कैलासबेन परमारचा फोन आला. डेरीवरचं यंत्र ती चालवायची. पाच वर्षं सकाळ-संध्याकाळ तिच्या हातून कोणाची पावती चुकली नव्हती.

"साहेब, दोनशेच्या पुढे पावत्या गेल्या की मशीन भरतं."

"भरतं म्हणजे काय होतं?"

"पोट भरल्यासारखं होतं. पुढचा घास घेतच नाही. बंद करून चालू केलं की परत भूक लागते."

किरीटभाई मोठ्याने हसले. "अहो बेन, दूध कॅनमध्ये ओतायचं, मशीनमध्ये नाही!" आणि फोन ठेवून तो विनोद त्यांनी शेजारच्या टेबलांनाही ऐकवला.

तीन फोन करून ती थकली आणि तिने आपलाच उपाय शोधला. दोनशे पावत्या झाल्या की बटण बंद, मग पुन्हा चालू. झालं, रांग कुजबुजायला लागली. मध्येच बंद का करते? आपल्या माणसांचं फॅट वाढवून त्यांना जास्त भाव देत असणार. डेरीचे मंत्री, म्हणजे सचिव, रावजीभाई यांनी कारखान्याकडे लेखी खुलासा मागितला. किरीटभाई गेले, पन्नास पावत्या छापून पाहिल्या, पन्नासही बिनचूक निघाल्या. त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं: यंत्र निर्दोष आहे, ऑपरेटर विनाकारण बंद करते. खाली सही, के. सी. सोनी.

"साहेब, दोनशे होईपर्यंत थांबा ना," कैलासबेन म्हणाली.

त्यांना नडियादला लग्नाला पोचायचं होतं, ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं आणि रावजीभाईंचा भाचा यंत्रावर बसला. यंत्र अडलं की तोही बटण बंद-चालू करायचा, पण मंत्र्यांच्या भाच्यावर कोणी संशय घेतला नाही. बायका तिला रांगेत 'फॅटवाली' म्हणायला लागल्या.

चार महिन्यांनी दुसऱ्या एका मोठ्या गावात यंत्र तसंच अडलं. तिथला ऑपरेटर कारखान्याच्या मालकाचा मेहुणा होता, त्यामुळे अहवालातलं ठरलेलं वाक्य चालणार नव्हतं. मग कुठे किरीटभाईंनी स्वतःचा प्रोग्रॅम उघडून नीट वाचला. जागा मागणारी ओळ होती. तिच्यात लिहिणारी होती, छापणारीही होती. जागा परत करणारी ओळ ते लिहायलाच विसरले होते.

त्यांनी कागदावर गणित मांडलं. दर पावतीला यंत्र थोडी जागा घेऊन बसत होतं. वावडीतली नावं धरली तर दोनशे बारा पावत्यांपर्यंत ती पुरत होती, दोनशे तेराव्या पावतीला उरत नव्हती. बंद केलं की मेमरी मोकळी होत होती. म्हणजे त्या बाईने फोनवर चार वाक्यांत सांगितलं होतं, ते शब्दशः खरं होतं. त्यांचे कान तापले. ते सोनाराचे पुत्र. वडील दागिना घडवून झाला की पाटावरचा कण न् कण टिपून गिऱ्हाइकाच्या पुडीत परत घालायचे. वडील आज असते तर यांना त्यांच्यासमोर उभं राहता आलं नसतं.

"सुधारित प्रोग्रॅम म्हणून सगळीकडे पाठवून द्या," मालक म्हणाले. "चूक कशाला लिहायची? विचारतंय कोण?"

खरंच कोणी विचारत नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

वावडीला ते संध्याकाळच्या दुधाच्या वेळी पोचले. नवा प्रोग्रॅम घातला आणि यंत्राशेजारी उभे राहिले. या वेळी घाई केली नाही. दोनशे झाल्या. दोनशे बारा, दोनशे तेरा. यंत्र अडलं नाही.

"वाह, किरीटभाई!" रावजीभाईंनी पाठ थोपटली. "मशीन म्हणजे तुमचंच. चहा सांगतो."

क्षणभर त्यांना वाटलं, चहा घ्यावा आणि निघावं. आपण असलं काही मनात आणतो याचीच त्यांना लाज वाटली. तेवढ्यात पुढची किटली ओतली गेली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेली कैलासबेन समोर उभी होती. तिच्या मागच्या बाईने मध्ये दोन हात अंतर सोडलं होतं.

"कैलासबेन," ते रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. "चूक माझी होती. मशीन खरंच भरत होतं. तुम्ही बंद करत होता म्हणून डेरी चालली. फॅटला कोणी हात लावला नव्हता."

 रावजीभाई पायाच्या अंगठ्याकडे बघत पुटपुटले, "मग बेन, उद्यापासून पुन्हा..."

"ते नंतर बघू," कैलासबेन म्हणाली. ती किरीटभाईंकडे वळली. "साहेब, तेव्हा तुम्ही कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद चार महिने गाव वाचतंय. तोंडाचं बोलणं उद्यापर्यंत वाहून जाईल."

त्यांनी कागद घेतला. यंत्राच्या टेबलावर वाकून, सगळ्यांच्या देखत, सगळं लिहिलं: काय विसरलो, तिने काय सांगितलं, आपण कसे हसलो.  खाली सवयीने के. सी. सोनी अशी सही करून कागद तिच्या हातात दिला.

तिने सावकाश शेवटपर्यंत वाचला आणि परत त्यांच्यापुढे ठेवला.

"पूर्ण नाव लिहा, साहेब. आता जागा कमी पडत नाही ना?"

किरीटभाईंनी मान खाली घातली आणि लिहिलं: किरीटकुमार चंदुलाल सोनी.