फर्डिनंड सरांनी लिहिलेले परिचय

फर्डिनंड सरांना हल्ली सगळ्याचीच शिसारी येते. टीव्हीवरच्या चर्चांची, नाक्यावरच्या बॅनरची, वर्षभरात तीन झेंडे बदलून तिन्ही वेळा "गावाच्या विकासासाठी" म्हणणाऱ्यांची, आणि सगळ्यात जास्त नव्या पुस्तकांची. भुईगावात चर्चच्या हॉलला लागून आमचं एक छोटं वाचनालय आहे. तिथे संध्याकाळी दोन तास मी बसते. माझं नाव मर्लिन. पाचवीपासून दहावीपर्यंत सरांनीच मला मराठी शिकवलं, त्यामुळे आज पंचेचाळिशीतही ते दारात दिसले की मी खुर्चीवरून उठते.

सर चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गावात सगळे आमच्या बोलीत बोलतात, पण सर भाजीवाल्याशीही पुस्तकातल्यासारखं बोलतात. आठवड्याला दोन पुस्तकं नेतात, आणि परत आणताना प्रत्येकात एक चिठ्ठी असते. कुठल्याशा बड्या साहेबाच्या आत्मचरित्रात चिठ्ठी होती, "लेखक आयुष्यात एकदाही चुकलेला नाही. मला असा माणूस अजून भेटायचा आहे. वाचू नये." एका प्रवासवर्णनात होती, "लेखक विमानात जेवले, बोटीवर जेवले, हॉटेलात जेवले. देश कुठला ते शेवटपर्यंत कळले नाही." गावातली माणसं पुस्तक मागत नाहीत, सरांची चिठ्ठी असलेलं काहीतरी दे म्हणतात. कित्येक जण चिठ्ठी वाचून पुस्तक टेबलावरच ठेवून जातात.

राजकारणावरचं त्यांचं मत मात्र तोंडी असतं. रोज संध्याकाळी वर्तमानपत्र उघडून माझ्या टेबलावर पसरतात आणि फोटोवर बोट ठेवतात.

"मर्लिन, हे बघ. मार्चमध्ये ज्याला चोर म्हणाला, त्याच्याच शेजारी ऑगस्टमध्ये नारळ फोडतो आहे. चेहऱ्यावर आनंद बघ, स्वतःच्या लग्नातसुद्धा इतका नसेल."

"सगळे तसेच, सर."

"सगळे तसेच म्हणतेस ना, तिथेच सगळं बिघडतं. खोटं बोलणारा एक असतो. चालवून घेणारे आपण पन्नास असतो. मला किळस येते ती त्या पन्नासांची."

मी मान डोलावते. सरांसमोर मान डोलावायची सवय शाळेपासूनची आहे.

सरांचं आणखी एक काम आहे. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, कोणाचं मयत झालं की अंत्यविधीच्या मिस्सानंतर, चर्चमधली प्रार्थना संपल्यावर, त्या माणसाचा परिचय वाचून दाखवतात. एक पानभर मजकूर. जन्म कधीचा, मुलंबाळं किती, माणूस कसा होता. गेली चाळीस वर्षं हा परिचय सर लिहितात. घरातलं कोणीतरी रडत रडत त्यांच्याकडे जातं, सर चार प्रश्न विचारतात आणि तासाभरात कागद तयार. दारू पिऊन बायकोला मारणारा त्यांच्या लेखणीतून "कुटुंबावर कडक शिस्तीचे प्रेम करणारा" होऊन निघतो. भावाच्या वाडीचा बांध ढकलणारा "शेतीत रमणारा" होतो. बाकांवर बसलेले आम्ही एकमेकांकडे बघतो आणि गप्प राहतो. शवपेटीसमोर कोण कोणाचं उकरून काढणार?

तर गेल्या महिन्यात स्टॅनी वाचनालयात आला. आला म्हणजे चार माणसं मागे घेऊन आला. नाक्यावर वीस फुटी बॅनर आहे ना, "आमचे लाडके स्टॅनीभाऊ", तोच हा. तोही सरांचा विद्यार्थी. निवडणूक आली आहे म्हणून त्याने पुस्तक लिहिलं आहे, खरं तर कोणाकडून तरी लिहून घेतलं आहे. नाव "टँकरसमोर उभा मी". मुखपृष्ठावर तो हाताची घडी घालून, मागे केळीची बाग. सर तिथेच पेपर वाचत बसले होते. स्टॅनीने वाकून त्यांचे पाय धरले.

"सर, रविवारी हॉलमध्ये प्रकाशन आहे. मुख्य भाषण तुमचंच."

"मी पुस्तक वाचल्याशिवाय बोलत नाही."

"वाचा ना सर! तुमचं नाव आहे आत. आदराने घेतलंय."

त्यानंतर तीन दिवस सर फिरकले नाहीत. वाचनालय सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी मीच त्यांच्या घरी गेले. ओटीवर टेबल, टेबलावर स्टॅनीचं पुस्तक उघडं, शेजारी एक जाड फाईल. सरांनी दाढी केली नव्हती. मला बस म्हणाले नाहीत. नुसतं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"पान त्रेसष्ट. मोठ्याने वाच."

मी वाचलं. "त्या पहाटे आमच्या विहिरींचे पाणी पळवणाऱ्या टँकरसमोर मी एकटा आडवा झालो. टँकरचा धक्का मी माझ्या अंगावर झेलला, पण हललो नाही. गावातील काही भगिनींनी मला पाणी पाजले. माझे वडील कैतानबाबा यांनीच मला हे बाळकडू दिले. पाण्याच्या लढ्यात आमचे घर सदैव अग्रभागी होते, याची साक्ष आमच्या गावचे आदरणीय शिक्षक फर्डिनंड सर यांनी भर चर्चमध्ये दिली आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण त्या पहाटे मी तिथे होते.

मी तेव्हा पाचवीत होते. शहरातल्या नव्या इमारतींना पाणी पुरवायला गावातल्या विहिरींवर मोटारी लागल्या होत्या आणि आमच्या अरुंद गल्लीतून रोज पंधरा-वीस टँकर जायचे. वाडीतल्या विहिरींचं पाणी मचूळ व्हायला लागलं, पानवेली जळाल्या. पुरुषांनी अर्ज केले. बायका मात्र एका पहाटे उठून गल्लीत जाऊन बसल्या. बारा जणी होत्या. माझी आई होती. शेजारच्या गास गावाहून आमच्याकडे लावणीला येणारी हंसाबाई होती. आणि सगळ्यांत पुढे, गल्लीच्या मधोमध, फ्लॉसी आंटी, म्हणजे सरांची बायको. मी कुंपणापाशी उभी राहून बघत होते. टँकर आला, थांबला, हॉर्न वाजवला. ड्रायव्हरच्या शेजारी बसून "घाल पुढे, उठतात बघ" असं ओरडणारा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा म्हणजे हाच स्टॅनी. पाणी त्याच्या बापाच्या विहिरीचं होतं. ड्रायव्हरने टँकर पुढे घातला. बंपर फ्लॉसी आंटीच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आंटी उठली नाही, आणि टँकर मागे गेला तो परत आमच्या गल्लीत आला नाही.

तिचा गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. मिस्सामध्ये सगळे गुडघे टेकायचे तेव्हा ती एकटी बाकावर ताठ बसलेली असायची. बाहेरगावचे पाहुणे तिला गर्विष्ठ समजायचे.

"कैतानचा परिचय मीच लिहिला होता," सर म्हणाले. त्यांनी फाईल उघडली. चाळीस वर्षांच्या सगळ्या परिचयांच्या प्रती त्यांनी लावून ठेवल्या आहेत. आठ वर्षांपूर्वीचा कागद काढला. तिथे त्यांच्या सुंदर अक्षरात होतं, "पाण्यासाठी गावाने दिलेल्या लढ्यात कैतानबाबांचे घर सदैव पुढे होते."

"स्टॅनी म्हणाला, समाजकार्याचं एखादं वाक्य घाला. मला वाटलं, म्हातारा गेला, एका वाक्याने कोणाचं काय जातं?"

मला ते मयत आठवत होतं. हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा फ्लॉसी आंटी बाकावरून उठली आणि लंगडत लंगडत चर्चच्या बाहेर गेली. तिला बरं वाटत नसेल म्हणून मी मागोमाग गेले. ती पायरीवर बसली होती.

"तुझ्या सरांना मेलेल्याला चांगलं म्हणायचं होतं तर म्हणायचं होतं," ती म्हणाली. "माझा गुडघा त्याला कशाला दिला?"

हे मी सरांना आजवर सांगितलं नव्हतं. त्या सकाळी सांगितलं. सरांनी फाईलमधून दोन वर्षांपूर्वीचा कागद काढला, आंटी गेली तेव्हा तिच्यावर लिहिलेला परिचय. सोशिक, प्रार्थनाशील, स्वयंपाकात निपुण. गुडघ्याचा एक शब्द नाही.

"स्वतःच्या बायकोची फुशारकी कशी मारायची, असं वाटलं मला," सर म्हणाले. "मर्लिन, मी तीस-तीस वर्षं इतरांच्या पुस्तकांना नाकं मुरडली. माझी ही फाईल वाचलीस का कधी? इतकं खोटारडं पुस्तक तुझ्या कपाटात एकसुद्धा नसेल."

रविवारी हॉल भरला होता. स्टॅनीची माणसं पुढे, गाव मागे, कोपऱ्यात समोशांचे खोके. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माईकसमोर उभे राहिले. पुस्तकाबद्दल बोललेच नाहीत. खिशातून एक कागद काढला आणि म्हणाले, "माझ्या पत्नीचा परिचय मी अपुरा लिहिला होता. आज पुरा वाचतो."

त्यांनी सगळं वाचलं. गल्ली, बारा बायका, बंपर, ड्रायव्हरशेजारची सीट आणि त्या सीटवर कोण होतं ते. शेवटी म्हणाले, "पान त्रेसष्टवरचं खोटं मूळ माझं आहे. यांनी ते फक्त उचललं. टँकर अडवला तेव्हा मी कुठे होतो तेही सांगतो. घरातून लवकर निघून शाळेत मस्टरवर सही करत होतो."

सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. मागून एकच आवाज आला, हंसाबाईचा. सत्तरी ओलांडलेली ती बाई गासहून रिक्षा करून आली होती. "सर खरं बोलतात! टँकरात पानी कोनाचं होतं, ते सांग की रे!"

स्टॅनी हसत उठला. मी आयुष्यात इतकं घाणेरडं हसू बघितलेलं नाही. त्याने सरांच्या खांद्यावर हात टाकला आणि माईक हातात घेतला.

"फ्लॉसी आंटी गेल्यापासून सर खचलेत. या वयात असं होतं. गुरू रागावले तरी ते आशीर्वादच असतात. माझ्या मनात काही नाही, मी सरांना माफ केलंय." असं म्हणून त्याने सरांना मिठी मारली, फोटोवाल्याला वेळ मिळेल इतका वेळ धरून ठेवली, आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. मग समोसे वाटले. लोकांनी खाल्ले. "बिचारे सर," असं तोंडात समोसा असताना म्हणणारे निदान सहा जण मी मोजले.

तो फोटो आता नाक्यावर आहे. "गुरुजनांचा आशीर्वाद." सरांचे डोळे मिटलेले आहेत, त्यामुळे ते गहिवरल्यासारखे दिसतात.

आणि टाळ्यांचं सांगायचं राहिलं. त्या मीही वाजवल्या. सगळे वाजवत होते, हात आपोआप उठले. घरी येऊन मला ओकारी आली. खरोखरची, बाथरूममध्ये जाऊन. मग आठवलं की माझ्या आईच्या परिचयातही ती पहाट नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा सरांनी विचारलं होतं, आणखी काही घालायचं का? मी म्हटलं होतं, नको सर, उगाच कोणाला दुखवायला नको.

दुसऱ्या दिवशी सर वाचनालयात आले. स्टॅनीचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. आत चिठ्ठी नव्हती. मी उठून उभी राहिले.

"सर, माझ्या आईचा परिचय पुन्हा लिहून द्याल? पुरा?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं. मला वाटलं, खुर्ची ओढून बसतील. त्यांनी पेन माझ्यासमोर ठेवलं.

"तू लिही," सर म्हणाले. "तिथे तू होतीस."