खंडेनवमीच्या अक्षता

रतनला फोन आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "स्क्रीनवर काय दिसतंय?" पलीकडचा माणूस कधी म्हणे काळं, कधी म्हणे निळं आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी धमकी. निम्म्या वेळा तर मागची वायरच सैल झालेली असे. पण ते फोनवर सांगितलं तर पेठेतल्या माणसाला अपमान वाटतो, म्हणून रतन स्कूटरवरून जाई, टेबलाखाली वाकून वायर घट्ट बसवी आणि "थोडा प्रॉब्लेम होता" एवढंच म्हणे. मशीन नुसतंच बीप बीप करत बसलं तर तो रॅमची पट्टी काढून तिची पिवळी कड शाळेतल्या खोडरबराने घासायचा आणि परत बसवायचा. गेलेला कॉम्प्युटर खोडरबराने परत आलेला पाहून चांगली शिकलेली माणसंही हात जोडत.

विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची आई वेणूबाई राहत. ती मूळची वर्ध्याकडची. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून तिने नागपूरची दीक्षा पाहिली होती. तेव्हा तिथे घुमट नव्हता, नुसती माणसंच माणसं होती, सगळी पांढऱ्या कपड्यांतली. त्यानंतर लग्न, पुणे, नवऱ्याचं आजारपण यात जाणं झालंच नाही. आता तिथे मोठा स्तूप उभा राहिला होता, आणि वेणूबाईला तो डोळ्यांनी बघायचा होता. डोळ्यांनीच, कारण डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. रतन त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. जगाचे पडदे उजळवत हिंडणाऱ्या माणसाला आईच्या डोळ्यांपुढे हात टेकावे लागले, याचा त्याला भयंकर राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

त्याने दसऱ्यासाठी नागपूरची तिकिटं काढली. खंडेनवमीच्या संध्याकाळची गाडी होती.

आता खंडेनवमी म्हणजे पुण्यात हत्यारांची पूजा. पूर्वी कोयता, अडकित्ता, शिवणयंत्र यांच्यावर भागत असे. आयटी आली तसा त्यात कॉम्प्युटरही आला, आणि त्याच्या नशिबी हळदकुंकू, झेंडूची माळ, फुलाने उडवलेलं पाणी हे सगळं आलं. पूजा झाली की रतनचे फोन सुरू होत. त्या दिवशी त्याने सगळ्यांना परवा येतो म्हणून सांगितलं. दुपारी सदाशिव पेठेतून रंगनाथरावांचा फोन आला, तेव्हाही तो हेच सांगणार होता. पण रंगनाथरावांचा आवाज कापत होता. मुलगी अमेरिकेत, दिवस भरत आलेले, तिची मेल यायची आणि मशीन सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडत होतं.

"दीड तासात परत आलो, माय," रतन म्हणाला. "तू तयार राहा."

वेणूबाईने पांढरं लुगडं नेसलेलंच होतं.

रंगनाथरावांचा कॉम्प्युटर गरम होतो म्हणून बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलेलं. त्या उघड्या पोटातच त्यांनी भक्तिभावाने अक्षता टाकल्या होत्या. प्रोसेसरवरच्या पंख्यात तांदूळ अडकून तो जाम झाला होता. रतनने चिमट्याने एकेक दाणा वेचला, ओलं कुंकू पुसलं, पंखा बोटाने फिरवून पाहिला. मशीन सुरू झालं आणि सुरू राहिलं. त्याने स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

"अहो, इतकी काय घाई? चहा होतोय," रंगनाथरावांच्या पत्नी सुशीलाबाई आतून म्हणाल्या.

"गाडी आहे. आईला घेऊन नागपूरला जायचंय."

"नागपूरला? कोणाकडे?" रंगनाथरावांनी विचारलं.

"दीक्षाभूमीवर."

खोलीत क्षणभर कोणी काही बोललं नाही. खरं सांगायचं तर वाईटही कोणी काही बोललं नाही. पण तसलं क्षणभराचं गप्प होणं रतन शाळेपासून ओळखत होता.

"असं होय," रंगनाथराव म्हणाले. "बरं, आता आलाच आहात तर तेवढा मोडेमही बघा. मेल येईल की नाही कळायला नको?"

इथेच तो उठून निघाला असता तर ही गोष्ट झालीच नसती. पण आपण गेल्यावर मागे "शेवटी ही माणसं अशीच" असं म्हटलं जाईल, ही धास्ती त्याच्या मानगुटीवर बसली. तो परत वाकला. मोडेम लागेना. आतल्या खोलीतल्या जोडफोनची वायर उंदराने कुरतडलेली निघाली. ती जोडली, किर्र किर्र करत लाइन लागली, मेल उतरली. मुलीने लिहिलं होतं, सगळं ठीक आहे, अजून वेळ आहे, काळजी करू नका. रंगनाथरावांचे डोळे भरून आले आणि ते म्हणाले, "आता आलाच आहात तर हे छापून द्या ना, हिला वाचायला." प्रिंटरमध्ये कागद अडकला. रतनने तोही काढला.

तो घरी पोचला तेव्हा गाडी सुटून गेली होती. वेणूबाई कुलूप लावून पायरीवर बसली होती, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरीची चवड. तिने कुलूप काढलं, फडकं सोडलं आणि त्याला वाढलं. गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रतनला वाटत राहिलं. पुढच्या वर्षी नक्की, असं तो म्हणाला, आणि तिने मान हलवली.

ते वर्ष फार वाईट गेलं. वेणूबाईचा हात आधी पाण्याच्या तांब्याला चुकू लागला, मग दाराला. रतन फोनवर लोकांना "स्क्रीनवर काय दिसतंय?" विचारी आणि आत ती भिंतीला धरून चाललेली ऐकू येई. मग तो हलक्या आवाजात विचारू लागला.

पुढच्या दसऱ्याला ते गेले. खंडेनवमीला त्याने फोन बंद करून ट्रंकेत टाकला होता. गर्दीतून वाट काढत त्याने आईला घुमटाच्या अगदी समोर नेऊन उभं केलं. तिने हात जोडले.

"माय, काय दिसतंय?" त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"समोर उजेड हाये. बाकी काही नाही." ती शांतपणे म्हणाली. "साऱ्या पुण्याले इचारतोस ना, काय दिसते म्हणून? आता तू सांग. मी ऐकते."

"घुमट आहे, माय," रतन म्हणाला. "पांढरा." पुढे त्याला बोलवेना. तिने चाचपडत त्याचा चेहरा शोधला, तिच्या बोटांना ओल लागली.

"रडजो मंग," वेणूबाई म्हणाली. "आधी सांग."