पायाळूचा पाय आन् बाईची पाठ

मी पायाळू. म्हंजे जन्माले येतानी माहे पाय आगोदर आले, डोकं मागून आलं. आमच्या वऱ्हाडात असं मानतात का पायाळू मानसानं पाठीले पाय लावला का चमक निघते. कोनाच्या कंबरेत चमक भरली, वाकता येईना, का तो आमच्या दारात येऊन पालथा पडे. म्हने, "माय, पाय ठेव वं." मी हलकाच पाय ठेवू, जरासा दाबू, आन् तो उठून माह्या पाया पडे. लग्न होऊन बार्शीटाकळीकडच्या या गावात आली तवापासून हेच चाललं. सासऱ्याच्या पाठीवरबी ठेवला मी पाय. सुनेनं सासऱ्याले पाय लावायचा, म्हंजे कशी गोष्ट! पन त्यायनंच सांगतलं, ठेव. मी पदर वढला, डोळे मिटले आन् ठेवला.

लय जनाईची चमक निघालीबी. खोटं काहून बोलू. पन पाठीचं दुखनं सारं सारखं नसते, हे मले माह्याच पाठीनं शिकवलं.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कुरडयाईसाठी गहू भिजू घातले होते. त्याचं पानी बदलायचं म्हनून गंज, म्हंजे मोठं पातेलं, उचलायले वाकली, तं पाठीत कट्ट झालं. गंज खाली ठेवला, आन् मीबी तशीच खाली बसली. उठता येईना. कड फेरता येईना. खोकला आला का डोळ्यात पानी ये.

माही मोठी जाऊ भिंतीपलीकडे राह्यते. मी तिले बाई म्हनते, ते मले धाकटे म्हनते. मालक गेले तिचे, लेकरू झालं नाई. एकटीच हाये. ते आली, कंबरेवर हात ठेवून मले पाह्यलं आन् हासली.

"काय वं धाकटे, साऱ्या गावाच्या पाठीवर चढली. आता सोताच्या पाठीवर कशी चढशीन?"

"तुमी चढा, बाई."

"मी कुठची पायाळू? मी डोक्यानं आली. म्हनून तं डोकं चालते माहं."

मंग तिनंच निरोप धाडला. पलीकडच्या गावात एक पायाळू मानूस हाये, चांगला धिप्पाड. तो संध्याकाळी येतो म्हने. पन दुपारीच माहा पोरगा आला अमरावतीहून. तो तिथं शाळेवर मास्तर हाये. त्यानं माहं तोंड पाह्यलं आन् गाडीत मांगच्या सीटवर गादी टाकून मले झोपवलं. बाई मांगून ओरडली, "अरे, चमकेले कोनी अमरावतीले नेते का!"

अमरावतीची डाक्तरीन पोरीच्या वयाची होती. फोटो काढला. मंग एका टेबलावर झोपवलं, वरून मशीनचा हात सरकत गेला. दुखलं नाई, काही नाई. हाडं किती भरीव हायेत ते मोजतात म्हने त्यानं.

"आजी, मणका चेपलाय. तुम्ही पडला होतात का?"

"नाई बाप्पा. गंज उचलला."

"एवढंच पुरतं आता. हाडं ठिसूळ झाली आहेत तुमची."

मले राग आला. म्हनलं, ह्या हाडाईनं कापूस वेचला, वावरातून पऱ्हाटीचे भारे डोक्यावर आनले, आन् ठिसूळ कशे? ते बिचारी हासली नाई. एकएक इचारत गेली. लेकरं किती, दूध कोन प्यायचं. मी सांगतलं, लेकरं झाले, सारे अंगावर पाजले. मी जेवत होती शेवटी, जे राह्यलं ते. म्हशी होत्या घरी, पन दूध डेअरीवर जाये. घरात चहापुरतं राहे, तेबी मानसाईच्या चहापुरतं. बायाईचा चहा काळा.

"गर्भाची पिशवी काढली का?"

"होये. धाकटा पोरगा दुसरीत होता तवा."

तवा गावात लय बायाईनं काढली. अंगावरून जाये, कंबर दुखे, का कोनीबी सांगे, काढून टाक, कटकट मिटते. माही आन् बाईची एकाच साली निघाली. डाक्तरीन म्हने, इतक्या लवकर पिशवी काढली, तिच्यासंग अंडाशयंबी गेली, का हाडं लवकर झिजतात. पाळी वेळेवर जाते तिचेबी झिजतात, पन तुमचे कितीतरी साल आगोदर झिजायले लागले. झिजतानी दुखत नाई. मोडलं का मंग कळते.

मी इचारलं, "आन् पायाळूचा पाय ठेवला असता तं?"

ते लिहता लिहता थांबली. म्हने, "आजी, मग तुम्हाला इथं उचलून आणावं लागलं असतं. आत नस असते. मणका आणखी दबला तर पायांतली ताकद जाते."

तो धिप्पाड मानूस डोळ्यापुढं आला.

पट्टा भेटला, हप्त्यातून एक दिवस घ्यायची गोळी भेटली. ते गोळी म्हंजे मोठी मानाची. सकाळी उठल्याबरोबर गिलासभर साध्या पान्यासंग घ्यायची, आन् अर्धा घंटा आडवं पडायचं नाई, चहा नाई, काही नाई. मी अंगनात फेऱ्या मारू. बाई भिंतीवरून पाहे आन् म्हने, "गोळी खाऊन कोनी हिंडते का? तुहं डोकंच गेलं."

मी म्हनू, "पाय आगोदर आले माहे. हिंडनारच."

पाठ बरी झाली. कंबर जराशी वाकली ते वाकली, पन मी माहं सारं करून राहिली.

दिवाळी झाल्यावर एक दिवस भिंतीपलीकडून आवाज आला, धप्प. मी गेली तं बाई न्हानीत. पाट सरकला अन् बसली होती जागच्या जागी. कशीबशी खाटेवर आनली. चेहरा पांढराफटक. तरीबी म्हने, "काही नाई झालं. चमक हाये. ठेव पाय."

ते पालथी व्हायले लागली. मी म्हनलं, "होऊ नका पालथ्या. मी नाई ठेवत."

"काहून वं?"

"हाड मोडलं असन."

"धाकटे, मी उंचावरून पडली नाई. बुडावर बसली फक्त."

"मी तं पडलीबी नोती, बाई. गंज उचलला होता."

तिनं मले असं पाह्यलं का काय सांगू. म्हने, "साऱ्या गावाले पाय लावला. मामंजीले लावला. परक्या बायाईले लावला. माह्याच पाठीवर तुहा पाय जड झाला का?"

तिच्या मनातलं मले कळून राह्यलं होतं. तिले दुखन्याचा भेव नोता. तिले खाटेवर पडून राह्याचा भेव होता. कोन करन तिचं? मी तं केलं असतं. पन कोनाच्या हातून हागनं-मुतनं करून घ्यायची तिची जात नाई. ज्या बाईनं मालकाचं दुखनं एकटीनं काढलं, कोनाले हाक मारली नाई, ते अशीच राह्यते.

"बरं," म्हने, "तू नको ठेवू. त्याले बलाव. त्या पलीकडच्या गावच्याले."

मी नाई म्हनलं तं ते दुसऱ्या कोनाच्या हातून निरोप धाडन. अन् तो आला का पाय ठेवनच. त्याचं तरी काय चुकते, लोक बलावतात.

मी खाटेच्या कडेले बसली. म्हनलं, "बाई, सौदा करू. आगोदर अकोल्याले जाऊ, फोटो काढू. फोटोत हाड धड निघालं तं मी एक पाय नाई, दोन्ही पाय ठेवते. गावादेखत."

"अन् मोडलं निघालं तं?"

"तं डाक्तर सांगन तसं करा. आन् माह्यावर ओरडा."

"ओरडीन तं मी अशीबी," म्हने.

शेजारच्याची गाडी आनली, गादी टाकली. रस्ताभर ते कन्हत होती आन् मले शिव्या देत होती. खड्डा आला का शिवी, सपाट रस्ता आला का माह्या गोळीची थट्टा. मी म्हनलं, शिव्या देते तंवर बरी हाये.

अकोल्याच्या डाक्तरानं फोटो उजेडावर धरला. कंबरेच्या जराशा वर एक मनका. बाकीचे चौकोनी, तो एक पुढून बसलेला, दाबलेल्या डब्यावानी.

"कुणी चोळलं, दाबलं तर नाही ना?"

बाईनं माह्याकडं बोट केलं. "इले इचारा. हे दाबायले तयारच नोती."

"बरं झालं," डाक्तर म्हने. "हे दाबलं असतं तर आज कदाचित तुम्हाला पाय हलवता आले नसते."

बाई फोटोकडं पाहून राहिली. मंग डाक्तरालेच इचारलं, आवाज एकदम बारीक. "मी सोताची भाकर सोता करीन का?"

"कराल. थोडे दिवस आराम, पट्टा, औषधं. हाडांसाठी वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन देऊ. पण वाकून जड उचलायचं नाही, आजी. कधीच नाही."

"गंजबी नाई?"

"गंजही नाही."

परत येतानी तिनं एक शिवी दिली नाई. मलेच करमेना.

ते काही हप्ते मी तिच्याच घरी निजली. न्हानीत हात धरून नेली. पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटून घेतले, लाजेनं. मी म्हनलं, "बाई, माह्या पहिल्या बाळंतपनात तुमी काय काय उचललं ते इसरल्या का?" मंग डोळे उघडले तिनं. "ते आठवन देऊ नको," म्हने, "अजून वास येते." आन् आमी दोघी हासलो. तिले हासतानीबी कळ आली, तरी हासली.

आता गावातल्या बाया येतात, चमक भरली म्हनून. तरनाताठा मानूस असला, आन् नुसती चमक असली, तरीबी मी पाय ठेवत नाई. कोनाच्या आत काय हाये ते मले वरून दिसत नाई, आन् जे दिसत नाई त्याच्यावर पाय द्यायचा नाई, असं मी ठरवलं. म्हाताऱ्या बाईले तं मी सरळ इचारते, पिशवी काढली का? कवा काढली? कोनी रागावते. रागावू दे.

परवा सकाळी मी उठली तं भिंतीपलीकडून धूर. बाईनं चूल पेटवली होती. गेली तं ते पाटावर नाई, खुर्चीवर बसून भाकर थापून राहिली होती. खुर्चीपुढं स्टूल, स्टुलावर परात. पट्टा लुगड्यावरूनच बांधलेला.

मी म्हनलं, "पानी कोनी आनलं?"

"म्या. तांब्या तांब्यानं. सारी सकाळ गेली."

"मले हाक मारायची."

"तुले काहून?" म्हने. "बस. गरम हाये तंवर खा."